स्क्विड ६: साठ मशीनच्या लॅबमधून लिहिलेला रिव्ह्यू

आमच्या पॉलिटेक्निकात दोन कॉम्प्युटर लॅब आहेत, दोन्ही मिळून ६० मशीन, आणि नेटची लाइन एकच, ५० एमबीपीएसची. तीच लाइन ऑफिसला, तीच लायब्ररीला, तीच आम्हाला. ऑफिसात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायची मुदत आणि लॅबमधल्या उबंटू या ऑपरेटिंग सिस्टिमचं अपडेट एकाच दिवशी आलं की दुपारपर्यंत शिपाई मामा दारात उभे असतात, "मॅडम, ऑफिसचं नेट बंद पडलंय, तुमच्याकडे काय चालू आहे बघा जरा." या लाइनच्या तोंडाशी २०१४ पासून स्क्विड बसवलेलं आहे. तेव्हा मी नवीन होते आणि ते मीच बसवलं होतं. या मे महिन्याच्या सुट्टीत त्याची मोठी आवृत्ती बदलली, ४ वरून ६. टर्म सुरू होऊन काही महिने झाले, आता त्याबद्दल ठामपणे लिहिता येईल.

ज्यांनी स्क्विड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे प्रॉक्सी सर्व्हरचं फुकट, मुक्त सॉफ्टवेअर आहे, १९९६ पासून चालू असलेलं. लॅबमधलं मशीन बाहेर थेट न जाता स्क्विडकडे मागणी करतं, स्क्विड ती वस्तू बाहेरून आणून देतं आणि एक प्रत आपल्याकडे ठेवतं. दुसऱ्या मशीनने तेच मागितलं की घरातूनच मिळतं. कोणाला कुठे जाऊ द्यायचं आणि किती वेगाने, हेही त्यालाच सांगता येतं.

बदलायची वेळ का आली, तर आमच्या सर्व्हरवर उबंटू २०.०४ होतं आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. शिवाय एक गोष्ट दीड वर्ष मनात घर करून होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने स्क्विडमधल्या ५५ त्रुटींची यादी जाहीर केली होती. हे सॉफ्टवेअर मूठभर स्वयंसेवकांच्या कष्टावर चालतं, सगळ्या त्रुटी एका रात्रीत बुजणार नव्हत्या हे उघड होतं. पण जसजशा बुजत गेल्या तसतशा नव्या आवृत्त्यांत आल्या. काही वेळा तर त्यांनी दुखणारा भागच कापून टाकला. गोफर नावाच्या जुन्या प्रोटोकॉलचा आधार ६ व्या आवृत्तीत काढून टाकला आहे. आमच्याकडे गोफर कोणी वापरलेलं मी पाहिलेलं नाही, आणि न वापरलेली खिडकी बंद केलेली मला आवडते.

उबंटूत २०.०४ वरून थेट २४.०४ वर उडी मारता येत नाही, मध्ये २२.०४ वर थांबावं लागतं. म्हणजे स्क्विडही ४ वरून आधी ५, मग ६. पहिल्या टप्प्यात स्क्रीनवर तो ओळखीचा प्रश्न आला: कॉन्फिग फाइल (स्क्विडच्या सगळ्या सूचनांची फाइल) तुम्ही बदललेली आहे, पॅकेजवाल्यांनीही नवी पाठवली आहे, काय करू? वाय दाबलं तर नवी, एन दाबलं तर जुनी, डी दाबलं तर फरक दाखवतो. काही न बोलता एंटर मारलं तर जुनीच राहते. मी एन दाबलं. अकरा वर्षं जपलेली फाइल होती, हातची घालवावीशी वाटेना.

मग «स्क्विड -के पार्स» चालवलं. आवृत्ती बदलल्यावर सगळ्यात आधी हेच करा, सर्व्हर रीस्टार्ट करायच्याही आधी. ही आज्ञा कॉन्फिग फाइल वरपासून खालपर्यंत वाचते, प्रत्येक ओळ "प्रोसेसिंग" म्हणून दाखवते आणि जिथे अडेल तिथे सांगते. माझ्या फाइलमध्ये ती अडली डीएनएस_व्ही४_फर्स्ट या ओळीवर. स्पष्ट लिहिलं होतं की ही सूचना आता कालबाह्य आहे, ओळ काढून टाका.

ही ओळ मी २०१९ मध्ये घातली होती आणि का घातली ते मला आजही आठवतं. तेव्हाच्या लाइनवर आयपीव्ही६ चे, म्हणजे नव्या पद्धतीचे, नेटचे पत्ते मिळायचे, पण त्या वाटेने बाहेर काहीच जायचं नाही. स्क्विड आधी आयपीव्ही६ ने प्रयत्न करायचं, मिनिटभर वाट बघायचं, मग आयपीव्ही४ कडे वळायचं. पोरं म्हणायची, "मॅडम, साइट उघडते पण चहा पिऊन यावं लागतं." त्या एका ओळीने ते थांबलं होतं. त्यामुळे ती काढताना हात अडखळला. पण ५ व्या आवृत्तीपासून स्क्विडची जोडणी करायची पद्धतच बदलली आहे. एका वाटेने उत्तर यायला जरा उशीर झाला की ते दुसऱ्या वाटेनेही प्रयत्न सुरू करतं, आणि हा उशीर मुळात २५० मिलिसेकंदांचा धरलेला आहे. मिनिटाच्या जागी पाव सेकंद. ओळ काढली, दोन्ही लॅबमधून वीसेक साइट उघडून पाहिल्या, कुठेही ते जुनं अडकणं दिसलं नाही. सहा वर्षं मलमपट्टी होती, आता जखमच भरली.

पार्सने आणखीही काढलं. कोणती वस्तू किती वेळ ताजी धरायची ते सांगणाऱ्या रिफ्रेश_पॅटर्नच्या ओळींत मी २०१४ मध्ये कुठूनतरी उतरवून घेतलेले इग्नोर-नो-कॅश, इग्नोर-ऑथ असे पर्याय होते. पहिला ३.२ मध्येच गेलेला, दुसरा ४ मध्ये. म्हणजे मी उतरवले तेव्हाच एक मेलेला होता आणि मला पत्ता नव्हता. स्क्विड अशा ओळीवर बंद पडत नाही, तक्रार नोंदवून पुढे चालू राहतं. वर्षानुवर्षं ते लॉगमध्ये सांगत होतं आणि मी वाचत नव्हते. याचा मला खरोखर त्रास झाला. संध्याकाळी विभागप्रमुख सरांना म्हटलं, "सर, मी ही फाइल टाकून देते आणि कोरी घेते." सर म्हणाले, "सुट्टी आहे तोवर कर. पंधरा जूननंतर मला विचारू नकोस."

म्हणून २४.०४ वर गेल्यावर पॅकेजबरोबर आलेली नवी फाइल घेतली. जुनी ठेवा म्हटलं तरी नवी त्याच फोल्डरमध्ये डीपीकेजी-डिस्ट अशा शेपटीने पडलेली असते, तीच पुढे आणली. ही फाइल ८ हजार ओळींच्या वर आहे, पण घाबरू नका, हॅशने (#) सुरू होणाऱ्या, म्हणजे स्क्विड न वाचणाऱ्या, ओळी बाजूला काढल्या की खऱ्या सूचना एका स्क्रीनवर मावतात. बाकी सगळं स्पष्टीकरण आहे, आणि ते उत्तम लिहिलेलं आहे. प्रत्येक सूचना काय करते, मुळात किती असते, कुठे काळजी घ्यायची, सगळं तिथेच.

या फाइलच्या पोटात एक इन्क्लूडची ओळ आहे, ती कॉन्फ.डी या फोल्डरमधल्या, नावाच्या शेवटी .conf असलेल्या सगळ्या फाइल आत ओढते. मला या पूर्ण कामात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. आपल्या सगळ्या सूचना कॉन्फ.डी मध्ये एका वेगळ्या फाइलमध्ये लिहायच्या आणि मुख्य फाइलला बोटही लावायचं नाही. मग पुढच्या अपग्रेडला तो "कोणती ठेवू" हा प्रश्नच येणार नाही, कारण मुख्य फाइल आपण बदललेलीच नसेल. इन्क्लूडची जागाही विचारपूर्वक ठेवलेली आहे. ती "सगळ्यांना नकार" या शेवटच्या ओळीच्या वर येते, त्यामुळे आपल्या परवानग्या आधी वाचल्या जातात. रिफ्रेश_पॅटर्नमध्ये जो पहिला जुळेल तो लागू होतो, आणि आपले पॅटर्न मूळ पॅटर्नच्या वर येतात. माझी फाइल आज ३१ ओळींची आहे. जुनी कॉमेंट सोडून १४० च्या घरात होती.

कोरी फाइल घेतल्यावर पहिल्यांदा जे होतं ते सांगते, म्हणजे तुमची धांदल उडणार नाही. लॅबमधलं एकही मशीन बाहेर जाऊ शकत नाही. स्क्विडचं "ॲक्सेस डिनाइड" हे पान दिसतं आणि लॉगमध्ये टीसीपी डिनाइड/४०३. आतल्या नेटवर्कचे खाजगी पत्ते लोकलनेट या नावाने फाइलमध्ये आधीच मांडलेले असतात, पण त्यांना परवानगी देणारी ओळ हॅश लावून झोपवलेली असते. ती आपण आपल्या फाइलमध्ये उतरवून जागी करायची. हे मला योग्यच वाटतं. उघडा प्रॉक्सी नेटवर सोडण्यापेक्षा बंद प्रॉक्सी हातात देणं केव्हाही बरं.

पण ज्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले ती गोष्ट वेगळी आहे. नकार दिला तर कळतं. गप्प राहिलं तर कळत नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात टर्म सुरू झाली. पहिल्या दिवशी सगळं सुरळीत. मुलं साइट उघडतायत, मास्तर खूश. दुसऱ्या दिवशी मी एका लॅबची ३० मशीन अपडेटला लावली आणि अकरा वाजता शिपाई मामा दारात. ऑफिसचं नेट बंद. मी लॉग उघडला. स्क्विडच्या लॉगमध्ये ओळीच्या सुरुवातीला वेळ असते, पण घड्याळातली नाही, १९७० च्या १ जानेवारीपासून मोजलेले सेकंद. त्या आठवड्यात तो आकडा १७५० ने सुरू होत होता. त्यापुढे किती मिलिसेकंद लागले, कोणत्या मशीनने मागितलं, मग निकाल, मग किती बाइट, मग पत्ता. निकालाच्या रकान्यावर नजर ठेवून खाली येत गेले. लिनक्स-फर्मवेअर नावाचं पॅकेज, टीसीपी मिस, म्हणजे साठ्यात सापडलं नाही. पुढचं मशीन, तेच पॅकेज, टीसीपी मिस. त्याच्या पुढचं, टीसीपी मिस. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटाकडे हायर_डायरेक्ट, म्हणजे दर वेळी थेट बाहेर जाऊन आणलेलं.

हे पॅकेज २०० एमबीच्या वर असतं. ६० मशीनचा हिशेब केला तर १२ हजार एमबी झाले, आणि आमची पूर्ण लाइन दुसऱ्या कोणालाही एक थेंब न देता त्यालाच दिली तरी ३२ मिनिटं. एका पॅकेजसाठी. नेमकं हेच वाचवायला स्क्विड ठेवलेलं आहे.

कारण शोधलं तर एकाखाली एक तीन निघाली. पहिलं, कोऱ्या फाइलमध्ये डिस्कवरचा साठा (कॅश) कुठे आणि किती ते सांगणारी कॅश_डिर ही ओळ हॅश लावलेली असते. म्हणजे डिस्कवर काहीच साठवलं जात नाही, फक्त मेमरीत, तेही २५६ एमबी, आणि त्यात ५१२ केबीपेक्षा मोठी वस्तू घेतच नाही. नावात कॅश असलेला सर्व्हर आणि डिस्कवर कॅश शून्य. दुसरं, ती ओळ नुसती हॅश काढून जागी केली तर तिच्यातला आकडा १०० आहे, तो एमबीमध्ये. २०० एमबीचं पॅकेज १०० एमबीच्या कपाटात कसं मावणार? तिसरं, कपाट कितीही मोठं केलं तरी मॅक्सिमम_ऑब्जेक्ट_साइझ मुळात ४ एमबी असते. त्याहून मोठी वस्तू स्क्विड आणून देतं पण ठेवत नाही. या तिन्हीबद्दल पार्स एक अक्षर बोलत नाही, कारण चूक काहीच नाही. फाइल बिनचूक आहे, फक्त आपल्या कामाची नाही.

जुन्या फाइलमध्ये हे तिन्ही आकडे मी कधीकाळी बदललेले होते आणि विसरून गेले होते. कोरी पाटी घेताना मेलेल्या ओळींबरोबर जिवंत ओळीही गेल्या. त्यामुळे नवी फाइल जरूर घ्या, पण जुनी प्रिंट काढून शेजारी ठेवा आणि एकेक ओळीवर पेनने खूण करत जा. मी हे दुसऱ्या दिवशी दुपारी केलं, पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

आता माझ्याकडे कॅश_डिर ४० हजार एमबीचं आहे, एका वेगळ्या एसएसडीवर, आणि वस्तूचा कमाल आकार १ जीबी. ती कमाल आकाराची ओळ मी कॅश_डिरच्या वरच ठेवते, जुन्या आवृत्त्यांपासूनची सवय. फोल्डर तयार झाले की आत १६ आणि त्या प्रत्येकात २५६, असे ४,०९६ कप्पे दिसतात. डिस्कवरच्या दर जीबीमागे सूचीसाठी साधारण १४ एमबी रॅम धरावी लागते, म्हणजे ४० जीबीला ५६० एमबी. जुन्या मशीनवर बसवणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

आणखी एक झोपलेली ओळ आहे ती डेब पॅकेजची, म्हणजे उबंटूच्या पॅकेज फाइलची. उबंटूच्या स्क्विडबरोबर येणाऱ्या फाइलमध्ये पॅकेजच्या याद्यांसाठी, म्हणजे रिलीज, पॅकेजेस वगैरेंसाठी, शून्याचे रिफ्रेश_पॅटर्न आधीच दिलेले आहेत. ते काढू नका. यादी शिळी आणि पॅकेज ताजं असं झालं की मशीनवर हॅश सम (फाइल पडताळायचा आकडा) जुळत नाही म्हणून अपडेट अडकतं, आणि मग तासभर जातो. पण खुद्द डेब फाइल १,२९,६०० मिनिटं, म्हणजे ९० दिवस ताजी धरायची ही ओळ नुसती उदाहरण म्हणून हॅश लावून ठेवलेली आहे. ती मी आपल्या फाइलमध्ये उतरवली. डेब फाइलच्या नावातच आवृत्ती असते, नवी आली की नाव बदलतं, त्यामुळे जुनी प्रत चुकून दिली जायची भीती नाही.

गुरुवारी सकाळी नऊला एकच मशीन अपडेटला लावलं. टीसीपी मिस, अपेक्षेप्रमाणे. मग दुसरं लावलं आणि लॉगकडे बघत राहिले. टीसीपी हिट. शेवटून दुसऱ्या रकान्यात हायर_नन, म्हणजे बाहेर गेलंच नाही. वेळ साधारण ३ हजार मिलिसेकंद. मी मामांना हाक मारून बोलावलं आणि ती ओळ दाखवली. त्यांना त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं, पण म्हणाले, "मग आता ऑफिसातले साहेब मला पाठवणार नाहीत?"

पाच-सहा मशीन तरीही मिस दाखवत होती. ती इंडियाचा मिरर, म्हणजे पॅकेजच्या प्रती ठेवणारा सर्व्हर, वापरत होती आणि बाकीची मुख्य. स्क्विडच्या लेखी पत्ता वेगळा म्हणजे वस्तू वेगळी. हे जुळवायची सोय स्क्विडमध्ये आहे, स्टोअर-आयडी नावाची, पण मला सरळ मार्ग बरा वाटला, सगळ्या मशीनवर एकच मिरर केला. २४.०४ मध्ये हे पत्ते उबंटू.सोर्सेस या नव्या फाइलमध्ये असतात, जुन्या ठिकाणी शोधत बसू नका.

आता स्क्विडकडून काय होणार नाही तेही सांगते. आजच्या बहुतेक साइट एचटीटीपीएसवर आहेत. त्यांच्या बाबतीत स्क्विडला फक्त एवढं कळतं की अमुक मशीन अमुक साइटशी बोलतंय. आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून साठवताही येत नाही. लॉगमध्ये नुसतं टीसीपी टनेल. ते कुलूप मध्येच उघडून आत बघायची सोय स्क्विडमध्ये आहे, पण आमची मुलं त्याच मशीनवरून बँकेत आणि मेलमध्ये जातात. मी ते करत नाही आणि कोणत्याही कॉलेजने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामुळे "प्रॉक्सी बसवला की सगळं नेट दुप्पट वेगाने" असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. उबंटूची पॅकेज साध्या एचटीटीपीवरून येतात आणि त्यांची खात्री सहीने होते, म्हणून तिथे स्क्विड सोन्यासारखं चालतं.

वेगाची वाटणी मात्र एचटीटीपीएसलाही लागू होते, डिले पूल म्हणून. त्यातले आकडे बाइटमध्ये असतात, बिटमध्ये नाहीत. १० एमबीपीएस द्यायचे असतील तर १२,५०,००० लिहायचं. एक कोटी लिहिलं तर ते ८० एमबीपीएस होतात, आमच्या अख्ख्या लाइनपेक्षा जास्त. आपल्या साठ्यातून निघालेल्या वस्तूला हा लगाम लागत नाही, हे फार छान आहे.

कोकणात जूनमध्ये लाइट जाते, जातेच. स्क्विडला थांबा म्हटलं की ते चालू जोडण्या संपवायला मुळात ३० सेकंद घेतं. आमचा यूपीएस तेवढा टिकतो. एकदा टिकला नाही, तेव्हा परत सुरू झाल्यावर स्क्विडने स्वतःच साठ्याची मोजदाद पुन्हा केली, मला काही करावं लागलं नाही.

तुम्हाला फक्त पॅकेजच साठवायची असतील तर ॲप्ट-कॅशर-एनजी घ्या. ३१४२ पोर्टवर चालतं, बसवलं की जवळपास झालं, वर सांगितलेल्या तीन गप्प आकड्यांशी झुंजावं लागत नाही. मला परवानग्या, वेगाची वाटणी आणि लॉग एकाच ठिकाणी हवं आहे, म्हणून मी स्क्विडवरच आहे आणि राहणार. पाचपैकी चार गुण देते. कापलेला एक त्या १०० आणि ४ एमबीसाठी. हे आकडे वेगळ्या काळातले आहेत आणि आज नव्याने बसवणाऱ्याला ते कोणी सांगत नाही.

दिवाळीच्या सुट्टीसाठी एक काम काढून ठेवलं आहे. रोज सकाळी हिटचं प्रमाण मला मेल करणारी एक छोटी स्क्रिप्ट आहे, ती स्क्विडबरोबर येणारं स्क्विडक्लायंट हे साधन वापरते, आणि ७ व्या आवृत्तीत स्क्विडक्लायंट काढून टाकलं आहे. ती कर्ल या दुसऱ्या साधनावर आणायची आहे. यावेळी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत तारीख आणि कारणही लिहिणार आहे.